पायी वाचलेले शहर : नांदेड, लातूर आणि समीक्षेच्या कोटी

मराठी समीक्षेत शहर म्हटले की मुंबई आणि मराठवाडा म्हटले की खेडे, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की ते समीकरण आहे याचाही विसर पडावा. १९६० नंतरच्या वाङ्मयाची मांडणी करताना महानगरी, ग्रामीण, दलित अशा कोटी सोयीसाठी तयार झाल्या. सोयीसाठी केलेल्या कोटी कालांतराने वस्तुस्थितीची जागा घेतात, तसे येथेही झाले. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही खेड्यातल्या शिंप्याच्या संसाराची कादंबरी मराठवाड्याच्या वाङ्मयीन ओळखीची मुद्राच ठरली. तिचे मोल वादातीत आहे. प्रश्न आहे तो त्या मुद्रेने झाकून टाकलेल्या प्रदेशाचा. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती आणि लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार. ही गावे खेडी नाहीत हे उघड आहे. पण ‘महानगर’ या संज्ञेत अभिप्रेत असलेले तुटलेपण, गर्दीतले एकाकीपण, यंत्रयुगीन वैफल्य यांच्या मापानेही ती मोजली जात नाहीत. त्यामुळे समीक्षेच्या दृष्टीने ती जणू नाहीतच.

वास्तविक ही दोन्ही शहरे बाहेरून आलेल्यांनी घडवलेली आहेत. पंजाबी, दखनी, उर्दू, तेलुगू, मारवाडी, गुजराती, कन्नड आणि बंजारा बोली यांचे स्वर येथे काही हाकांच्या अंतरावर नांदतात. अशा शहराचे आकलन नकाशावरून होत नाही. ते एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात पायी जाणाऱ्यालाच होऊ शकते, कारण मोहल्ल्याची हद्द ही बहुधा भाषेची हद्द असते आणि ती कानाला आधी कळते, डोळ्याला नंतर. पायी हिंडणे ही वाचनाची एक रीत आहे असे मानले, तर मराठी वाङ्मयाने ही रीत कोठे वापरली आणि कोठे वापरली नाही, हा समीक्षेचा प्रश्न होतो.

पाश्चात्त्य विचारात या रीतीचा गवगवा पुष्कळ झाला. वाल्टर बेन्यामिनने बोदलेरच्या पॅरिसमधील रिकामटेकड्या भटक्याला आधुनिकतेचा साक्षीदार केले. त्याचा त्या शहरावरचा ग्रंथ १९४० साली त्याच्या मृत्यूने अपुरा राहिला आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० च्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावरून दिसणारे शहर आणि खाली चालणाऱ्यांनी पावलापावलाने घडवलेले शहर यांतला भेद मांडला. वरून दिसते ती योजना, खाली घडते ते उच्चारण, असे त्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. दोन्ही मांडण्या मार्मिक आहेत. मात्र दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चालणारा कोठेही जाऊ शकतो, त्याला कोणी हटकत नाही, हे ते गृहीत होय. मराठीच्या अनुभवात हे गृहीत टिकत नाही.

मराठीतील शहरवर्णनाचा आरंभ गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथापासून धरला जातो. माडगावकर स्वतः गोव्यातून, मडगावहून मुंबईत आलेले. बाजार, गोद्या, देवळे, नाना जातींचे व पंथांचे लोक, त्यांचे पोशाख, व्यवसाय आणि चालीरीती यांची ते हौसेने नोंद करतात. परस्थ माणूस शहराला अधिक लक्षपूर्वक पाहतो याचा हा पहिला मराठी पुरावा. त्यांची दृष्टी गणती करणारी आहे, पण ती कोरडी नाही. नव्याने वसलेल्या आळ्यांविषयीचे कुतूहल तीत ओसंडून वाहते. पुढच्या शतकात मराठी लेखकाचे हे कुतूहल आटत गेले. मध्यमवर्गीय लेखकाची मुंबई गिरगाव-दादरच्या आत आली आणि बाकीचे शहर ‘तिकडचे’ झाले.

तो ‘तिकडचा’ प्रदेश पुन्हा आत आला तो तेथे राहणाऱ्यांच्या लेखणीतून. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून कुटुंबासह पायी चालत मुंबईला पोचले होते. त्यांच्या शहराची सुरुवातच पायपिटीने होते आणि ती पायपीट हौसेची नव्हती. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकर ढसाळांना बरोबर घेऊन त्या वस्तीत हिंडले आणि न कळलेले शब्द त्यांनी कवीलाच विचारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. या फेरीकडे केवळ वाङ्मयीन आख्यायिका म्हणून पाहणे योग्य होणार नाही. एका मराठी लेखकाला दुसऱ्या मराठी लेखकाची मराठी कळण्यासाठी वाटाड्या लागला. पुस्तक वाचण्याआधी गल्ल्या वाचाव्या लागल्या. तेंडुलकरांनी आपले अज्ञान लपवले नाही, यातच त्या प्रस्तावनेचे समीक्षामूल्य आहे. नंतरच्या अनेक समीक्षकांनी शब्दार्थांच्या यादीवर काम भागवले आणि फेरी मात्र टाळली.

मुंबईच्या बाबतीत निदान असा एक वाटाड्या आणि अशी एक फेरी दाखवता येते. नांदेडच्या बाबतीत तेही अवघड आहे.

नांदेडच्या रेल्वेस्थानकातून उतरून वजिराबाद, तेथून गुरुद्वाऱ्याचा परिसर, पुढे इतवारा आणि देगलूर नाका अशी वाट धरली, तर वस्त्यांची नावेच प्रथम बोलू लागतात. ‘आबाद’ आणि ‘पुरा’ ही एका राजवटीची खूण. शहीदपुरा, गाडीपुरा ही नावे त्या थरातली. इतवारा हे आठवड्याच्या बाजाराचे नाव, आणि तोही रविवार नव्हे, इतवार. चिखलवाडीसारखे नाव मातीशी बांधलेले. शिवाजीनगर, भाग्यनगर ही राज्यनिर्मितीनंतरच्या काळाची भाषा. नदीपलीकडची सिडको आणि हडको तर सरकारी यंत्रणांची आद्याक्षरेच गावाच्या नावासारखी वापरतात; तेथे राहणाऱ्याला त्या अक्षरांचा विस्तार ठाऊक असण्याची गरज नसते. नाका हे नाव सर्वांत बोलके, कारण ते वस्तीचे नसून दिशेचे असते. देगलूरच्या दिशेचा तो देगलूर नाका. देगलूरच्या पुढे कर्नाटक, बिलोली-धर्माबादच्या पुढे तेलंगण. म्हणजे नाक्यावर उभे राहणारा माणूस भाषेच्या तिठ्यावर उभा असतो.

गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ साली नांदेडला झाले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड गुरुद्वाऱ्याची इमारत उभी राहिली आणि पंजाबातून आलेल्या कुटुंबांची वस्ती त्याभोवती स्थिरावली. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली ही शीख कुटुंबे दखनी शीख म्हणून ओळखली जातात. त्यांची घरगुती बोली, त्यांचे मराठी, येथील पूजापद्धतीतील आरती आणि शस्त्रपूजन, दसऱ्याचा हल्लाबोल हे सारे पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूलाही काहीसे वेगळे वाटते. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने आलेला भाविक आणि गुरुद्वाऱ्याच्या पाठीमागच्या गल्लीतला शीख दुकानदार एकाच धर्माचे असले, तरी एकाच प्रांताचे राहिलेले नाहीत. २००८ मध्ये गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले. बाहेरच्याला नांदेड दिसू लागले ते या रुंद रस्त्यांवरून. अरुंद गल्लीतले स्वर मात्र रस्तारुंदीने ऐकू येत नाहीत.

इतवाऱ्याकडे वळल्यावर पाट्यांवरची गुरुमुखी मागे पडते आणि उर्दू पुढे येते. दखनी बोलीने ‘नको’चे ‘नक्को’ केले आणि मराठीतला निश्चयार्थी ‘च’ आपल्या वाक्यात मुरवला, हे भाषाशास्त्रज्ञांनी पुष्कळदा नोंदवले आहे. उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा. मराठवाड्यातल्या मराठीत धान्यबाजाराला मोंढा म्हणतात आणि कंत्राटदाराला गुत्तेदार. या ‘गुत्तेदारा’चे धड दक्षिणेकडच्या भाषांतले आणि शेपूट फार्सी; बोलणारा मात्र त्याला निःशंकपणे मराठी समजतो, आणि ते त्याचे बरोबरच आहे. विणकर पद्मशाली समाजाच्या घरात तेलुगू आणि दारात मराठी असते. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात येथे मजूर आले, गिरण्या बंद पडल्या, मजूरवस्त्यांची नावे उरली.

असे हे शहर मराठी कथा-कादंबरीत किती आले? नांदेडमध्ये समर्थ लेखक आणि समीक्षक होते आणि आहेत, त्यामुळे लेखकांचा अभाव हे उत्तर संभवत नाही. नरहर कुरुंदकर येथल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. १९८२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य नांदेडचेच. ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ आणि ‘धार आणि काठ’ लिहिणारे कुरुंदकर वाङ्मयसमीक्षेच्या खात्यात जमा आहेत. इस्लाम, हैदराबाद संस्थान आणि मुस्लिम राजकारण यांवर लिहिणारे कुरुंदकर वैचारिक साहित्याच्या खात्यात. ही खातेवाटणी अभ्यासकांनी केली. निजामी राजवटीच्या बहुभाषक वातावरणात वाढलेल्या एका माणसाचे हे दोन हात आहेत, आणि पहिल्या हाताला दुसऱ्याची खबर असणारच, ही शक्यता तपासण्याचे कष्ट फारसे घेतले गेले नाहीत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांच्याबाबत तेच घडले. उर्दू, फार्सी, तेलुगू, कन्नड, गोंडी, कोलामी अशा भाषांत वावरणारा आणि गालिबच्या गझला मराठीत नेणारा हा माणूस इतिहासकार म्हणून मान्य झाला. मराठी वाङ्मयाची हद्द कोठे संपते याविषयी त्याचे सारे आयुष्य काही सांगते आहे, हे कोणी ऐकले नाही. बी. रघुनाथ यांच्या कादंबऱ्यांतून निजामी राजवटीतली कारकुनी गावे, त्यांचे दफ्तर आणि त्यांची घुसमट दिसते; ती वाचतानाही समीक्षेचे लक्ष लेखकाच्या उपेक्षेच्या कहाणीकडे अधिक जाते, त्या गावांच्या मिश्र भाषेकडे कमी.

लातूरची गोष्ट निराळी. नांदेड नदीच्या आणि तीर्थाच्या कलाने वाढले. लातूरचा गाभा आखून काढलेला आहे. गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ निजामाच्या काळात नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार वसली. १९१७ ही तिची साल म्हणून सांगितली जाते. मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि चोहोबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोने, एकावर चपला-जोडे, एकावर मिरची, एकावर गूळ अशी मालाची वाटणी. मुसलमान आराखडाकाराच्या वर्तुळात देवीचे ठाणे, भोवती लिंगायत, मारवाडी, गुजराती, मुसलमान दुकानदार, असे हे चित्र भावुक सलोख्याचे वर्णन करण्यासाठी मोहात पाडणारे आहे. तो मोह आवरावा हे बरे; कारण त्या वर्तुळाच्या इतिहासात एक मोठी पोकळी आहे.

रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील होता. त्याच्या संघटनेच्या अत्याचारांनी १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातली असंख्य हिंदू कुटुंबे गावे सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांकडे गेली. मराठी आत्मचरित्रांनी आणि इतिहासग्रंथांनी हे स्थलांतर तपशिलाने नोंदवले आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यातला ठळक ग्रंथ. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे तिने नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथील सधन कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचा समितीने निर्देश केला आणि गावातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार दिसल्याचे लिहिले. हा अहवाल दीर्घकाळ दडून राहिला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहता आला.

कच्छहून येऊन लातूरच्या पेठेत स्थिरावलेली ही वस्ती अशी अहवालाच्या काही ओळींत उरली. मराठी कादंबरीत तिचा माग क्वचितच लागतो. पायी हिंडणाऱ्या वाचकाची रीत येथे थबकते: आज गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवरून चालले, तरी जी माणसे नाहीत त्यांची गल्ली पायाखाली येत नाही. नसलेल्या वस्तीचे वाचन वाङ्मयाखेरीज दुसऱ्या कशाने होणार? एका स्थलांतराची गाथा व्हावी आणि दुसऱ्याची वाच्यताही होऊ नये, याला लेखकांचा पक्षपात म्हणून मोकळे होता येईल. पण त्यात समीक्षेचाही वाटा आहे. मुक्तिसंग्रामाचे साहित्य ही कोटी समीक्षेने अशी बांधली की तिच्यात १७ सप्टेंबरला गोष्ट संपते.

लातूरचे जे एक पुस्तक या सगळ्याच्या छेदावर उभे आहे ते लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). धनेगावच्या उचल्या कुटुंबातला मुलगा शाळेत जातो, पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो. या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याची चर्चा दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या रांगेत झाली. ती रास्तच होती. तरीही ‘उचल्या’ हे लातूरचे शहरी पुस्तक म्हणून वाचले गेले नाही, आणि तेथेच त्याच्या वाचनाचा मोठा भाग शिल्लक राहिला.

बेन्यामिनचा भटक्या गर्दीला पाहतो. त्याला कोणी पाहत नाही. ‘उचल्या’तल्या माणसाला गर्दी आणि पोलीस दोघेही पाहत असतात. लेखकाच्या आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तीच रीत संस्थानातही चालली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, झडत्या थांबल्या नाहीत. ज्याच्या चालण्याला परवाना लागतो तो चालतो कसा, याचे शास्त्र या पुस्तकात आहे. बाजारात कोठे दाटी होते, कोणाचे लक्ष कोठे आहे, कोणता रस्ता कोठे निघतो, गिऱ्हाईक कोणते आणि साध्या वेषातला शिपाई कोणता, हे पोटासाठी ओळखावे लागणाऱ्या माणसांइतके शहराचे सूक्ष्म वाचन कोणी केले असेल? द सेर्तोच्या पादचाऱ्याचे चातुर्य हे रूपक आहे; येथे चुकीच्या वाचनाची किंमत मार खाऊन मोजावी लागते. सूतगिरणीचा भाग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. हजेरीचे पुस्तक तेथेही आहे, फक्त ते पोलीस ठाण्यातले नसून कारखान्यातले आहे. एका हजेरीतून सुटून दुसऱ्या हजेरीत नाव लागणे हाच शहरात येण्याचा अर्थ होतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तले (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांमागे गावोगाव चालते, मुक्काम उठवते, पुन्हा चालते, तेथे शहर ही शक्यता दूरची आहे. ‘उचल्या’त ती हाताशी येते आणि म्हणून अधिक दुखवते.

लातूरमध्ये नंतर आलेल्या वस्त्यांचा उल्लेख येथे त्रोटकच करता येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने गावेच्या गावे उठून नव्या जागी गेली. परीक्षांच्या ‘लातूर पॅटर्न’मागे धावत दरवर्षी हजारो मुले-मुली येतात, शिकवणी वर्ग, खोल्या, मेस आणि अभ्यासिका यांचे एक निराळे उपनगर त्यांनी वसवले आहे. वर्ष-दोन वर्षांचे हे रहिवासी आपापल्या तालुक्याची बोली घेऊन येतात आणि जाताना बरीचशी येथेच टाकून जातात. खोलीपासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून मेसपर्यंत इतकीच त्यांची वाट. मुलींच्या बाबतीत ती वाटही घड्याळाने बांधलेली. स्त्रीने परक्या मोहल्ल्यातून निरुद्देश हिंडावे, याला मराठवाड्यातल्या शहरांनी आणि मराठी कथेनेही अजून फारशी जागा दिलेली नाही.

या साऱ्यावर देशीवादाच्या अंगाने आक्षेप येऊ शकेल. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत साहित्य आपल्या भूमीत रुजलेले असावे लागते; आलेल्या-गेलेल्यांच्या वस्त्या तेथे दुय्यम ठरतील. परंतु भूमी म्हणजे काय, हे ठरवताना मुळांचे रूपक एकटे पुरत नाही. नांदेडची भूमी कोणाची, तीनशे वर्षे तेथे असलेल्या पंजाबी वंशाच्या कुटुंबाची नाही काय? ‘नक्को’ म्हणणाऱ्याची नाही काय? देशीपणा हा शब्द जर भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारावर आधारायचा असेल, तर त्याचा सर्वांत भरघोस पुरावा इतवाऱ्यात आणि देगलूर नाक्यावर मिळेल. नेमाड्यांच्या कादंबऱ्यांतली बोलींची रेलचेल त्यांच्या सिद्धान्तापेक्षा या बाबतीत अधिक उदार आहे, हेही येथे नमूद करायला हवे.

शेवटी गुरुद्वाऱ्याकडे परतणे भाग आहे, कारण तेथे एक मराठी कवी रोज गायिला जाऊ शकतो. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. ज्या नरसीशी नामदेवांचे नाव जोडले जाते ती शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. हा कवी मराठी मुलखातून पंजाबात गेला, तेथल्या भाषेत गायिला, आणि काही शतकांनी ती पदे घेऊन पंजाबी माणसे गोदावरीच्या काठी राहायला आली. स्थलांतराचे इतके पूर्ण वर्तुळ दुसऱ्या मराठी कवीच्या वाट्याला आलेले नाही. नरसीला जाणारा वारकरी आणि सचखंडात माथा टेकणारा शीख एकाच कवीला दोन भाषांत ऐकतात. त्या दोन ऐकण्यांमधले अंतर मराठवाड्यात एका दिवसाच्या प्रवासाचेही नाही. नामदेवांच्या मराठी गाथेत ही पदे सहसा वेगळ्या विभागात, अखेरीस छापलेली असतात.